संथ सिनेमाचा संग्रह: प्रत कशी पारखावी आणि नागपूरच्या हवेत कशी जपावी

मारामारीच्या सिनेमात मधली पाच सेकंदं गळाली तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण बाई दारात उभी आहे, काही बोलत नाही, बाहेर कुठेतरी रहाट कुरकुरतोय आणि एवढ्यावरच दृश्य उभं आहे, अशा सिनेमात त्या पाच सेकंदांतच सगळं असतं. संग्राहकाला या चित्रपटांची ओढ लागते ती म्हणूनच. एकदा बघून ते संपत नाहीत. तिसऱ्यांदा बघताना चौकटीच्या कडेला ठेवलेला तांब्या दिसतो आणि आधीच्या संवादाचा अर्थ बदलतो.

दुसरं कारण टंचाईचं. 1960 साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने आणि 1975 नंतर एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने) कमी खर्चाच्या, वेगळ्या चित्रपटांना पैसा पुरवला. त्यातले बरेच चित्रपट थिएटरांत धड लागलेच नाहीत, म्हणजे प्रिंटही मोजक्याच निघाल्या. पुढे एनएफडीसीने ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने त्यातले काही डीव्हीडीवर आणले. अनेक मराठी चित्रपट मात्र व्हीसीडीच्या, म्हणजे डीव्हीडीआधीच्या कमी दर्जाच्या व्हिडिओ सीडीच्या, पुढे गेलेच नाहीत. ऑनलाइन आज दिसणारा चित्रपट हक्कांचा करार संपला की उद्या गायब होतो. हातातली प्रत जात नाही, फक्त ती चांगली हवी आणि टिकायला हवी.

म्हणून या छंदात आकड्याला अर्थ नाही. पारखलेल्या चाळीस प्रती न उघडलेल्या चारशे खोक्यांपेक्षा मोलाच्या.

विकत घेताना: आधी डिस्क, मग कव्हर

नागपुरात जुना माल बहुतेक बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ऱ्यांमधून येतो. लायब्ररी बंद झाली की डिस्क रद्दीवाल्याकडे जातात, नाहीतर मालकाच्या घरी माळ्यावर किंवा टिनाच्या शेडमध्ये पडून राहतात. बर्डी, महाल, इतवारी, सदर या जुन्या भागांत जुन्या कॅसेटवाल्यांकडे चौकशी करताना माल कुठे ठेवला होता हे आधी विचारा. चार उन्हाळे टिनाखाली काढलेली डिस्क वरून चकचकीत दिसली तरी तिच्यावर भरवसा नको.

डिस्क हातात घ्यायची ती कडेने. डब्यातून काढताना मधला खटका दाबा आणि मग उचला. कड धरून ओढली की डिस्क वाकते आणि मधल्या भोकाशी बारीक तडे जातात. तडा भोकापासून बाहेरच्या दिशेने गेला असेल तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका. वेगाने फिरताना ती फुटते आणि ड्राइव्हही घेऊन जाते.

आता मोबाइलचा टॉर्च लावा आणि डिस्क त्याच्यासमोर धरा. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यावर फक्त लॅकरचं पातळ आवरण आणि शाई. त्यामुळे व्हीसीडीला खालच्यापेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा जास्त मारक. टॉर्चसमोर टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला अॅल्युमिनियमचा थर उडाला आहे, तिथली माहिती गेली ती गेलीच. लायब्ररीचा कागदी स्टिकर चिकटलेला असेल तर तो तसाच राहू द्या. सोलायला गेलात तर त्याच्याबरोबर चंदेरी थरही निघून येतो.

डीव्हीडीचं तसं नाही. 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध सुरक्षित असते. तिथे बघायची ती कड. कडेकडून आत सरकणारा तांबूस, तपकिरी किंवा धुरकट डाग म्हणजे चिकटवण सुटून हवा आत शिरली आणि थर गंजायला लागला. अशी डिस्क स्वस्त मिळाली तर जरूर घ्या, पण त्याच दिवशी कॉपी करायच्या तयारीने.

ओरखड्यांतही फरक असतो. मधून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा लेझर क्षणात ओलांडतो आणि चुका दुरुस्त करणारी यंत्रणा तेवढं भरून काढते. गोलाकार, म्हणजे ट्रॅकच्याच दिशेने गेलेला ओरखडा छोटा असला तरी सलग माहिती खातो, तेव्हा त्याला घाबरा. डिस्क पुसायची तीही याचसाठी मधून बाहेर, कधीच गोल नाही. मायक्रोफायबरचं मऊ फडकं, डिस्टिल्ड वॉटर, फारच तेलकट असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, एवढं पुरतं. टूथपेस्टने ओरखडे घालवायचा घरगुती उपाय करू नका, ती डिस्क घासते.

अस्सल छापील डिस्क खालून चंदेरी (दोन थरांची डीव्हीडी किंचित सोनेरी) असते आणि आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत आयएफपीआयचा, म्हणजे ती कुठल्या कारखान्यात बनली ते सांगणारा, कोड असतो. खालून जांभळट किंवा हिरवट झाक असेल तर ती घरी बर्न केलेली कॉपी. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि उष्णता व उजेड दोन्ही त्याला खातात.

‘एका डिस्कवर तीन चित्रपट’ दिसले की गणित करा. 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तासांचा एकच चित्रपट असेल तर सेकंदाला सुमारे 5 मेगाबिट वाट्याला येतात. तीन चित्रपट, सहा तास, म्हणजे जेमतेम पावणेदोन. दिवसाच्या दृश्यात हे कदाचित खपून जाईल, पण कंदिलाच्या उजेडातल्या दृश्यात काळोखाचे चौकोनी ठोकळे होतात आणि माणसाचा चेहरा त्यात बुडतो. आतल्या आत घडणाऱ्या सिनेमात चेहरा बुडाला की मग उरतं काय?

पूर्ण आहे का? सेन्सॉरच्या दाखल्यावरून हिशेब

ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी युक्ती. जुन्या भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचा दाखला येतो, तेव्हा चित्र थांबवा. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने मिनिटाला 27.43 मीटर सरकते. तेव्हा मीटरला 27.43 ने भागा, मूळ लांबी मिनिटांत मिळते. 2743 मीटर म्हणजे 100 मिनिटं, 3300 मीटर म्हणजे सुमारे 120. चित्रपट 16 मिलिमीटरचा असेल तर 10.97 ने भागायचं.

आता डिस्कवरची लांबी बघा, पण लगेच निष्कर्ष काढू नका. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘कोडेक माहिती’ उघडून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चौकटी, ते वाचा. तो 25 असेल तर 24 चौकटींचा चित्रपट बहुधा 25 च्या वेगाने पळवलेला आहे आणि लांबी 96 टक्के भरते. म्हणजे 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपला तरी तो पूर्णच. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमान यांचा ‘जान दीलमान’ (1975) 201 मिनिटांचा आहे, तो अशा डिस्कवर 193 मिनिटं दाखवेल. त्यात काही कापलेलं नाही. फ्रेम रेट 23.976 किंवा 29.97 असेल तर मात्र लांबी मूळ आकड्याशी जुळायलाच हवी. हिशेबापेक्षा दोन-तीन मिनिटं कमी भरली तर रीळ बदलण्याच्या जागा तपासा. प्रिंटची सुरुवात-शेवट वारंवार चालवून झिजतात, तुटतात, कापून जोडले जातात. साधारण दर दहा मिनिटांनी, किंवा दोन-दोन रिळं जोडलेल्या प्रिंटमध्ये दर वीस मिनिटांनी, चित्र उडी मारतं का बघा. दाखलाच कापून टाकलेली डिस्क असेल तर जुन्या चित्रपट-नियतकालिकांतल्या किंवा महोत्सवांच्या पुस्तिकांतल्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागते.

वेग वाढला की आवाजही चढतो, सुमारे पाऊण अर्धस्वर. पांढरी एकला लावलेला तानपुरा काळी एकच्या दिशेने पाऊण वाट गेलेला ऐकू येतो. गाण्याच्या बैठकीवर उभ्या असलेल्या चित्रपटात हे खटकतं. व्हीएलसीत वेग 0.96 करता येतो, फक्त सेटिंगमध्ये ‘वेग बदलताना स्वर कायम ठेवा’ हा पर्याय बंद करायला विसरू नका, नाहीतर वेग उतरेल आणि स्वर चढलेलाच राहील.

चौकट आणि शांतता

जुने बरेच चित्रपट 1.37:1 (रुंदी:उंची) या जवळजवळ चौरस चौकटीत घेतलेले आहेत. टीव्ही रुंद झाले तसं डिस्क काढणाऱ्यांनी ते रुंद करायला सुरुवात केली. त्याच्या दोन तऱ्हा. एकीत चित्र ताणतात. ती ओळखायला दृश्यात गोल वस्तू शोधा: परात, बांगडी, बैलगाडीचं समोरून दिसणारं चाक. पडद्यावर पट्टी ठेवून आडवं-उभं मोजा. अंतर सारखं नसेल तर चित्र ताणलेलं आहे, पण हा दोष सुधारतो. व्हीएलसीत प्रमाण 4:3 केलं की झालं.

दुसऱ्या तऱ्हेत वरून आणि खालून कापतात, आणि त्याला इलाज नाही. 4:3 चं 16:9 केलं की उंचीचा एक चतुर्थांश भाग जातो. कपाळं चौकटीबाहेर, पावलं चौकटीबाहेर. जमिनीवर बसलेली माणसं आणि वर रिकामी भिंत ठेवून दिग्दर्शकाने घराचं जे ओझं दाखवलेलं असतं ती भिंतच निघून जाते. श्रेयनामावलीत नावांच्या ओळी वरच्या-खालच्या कडेला चिकटलेल्या किंवा अर्ध्या कापलेल्या दिसल्या तर ती प्रत ठेवू नका, दुसरी मिळेपर्यंत थांबा.

आवाजाची तपासणी कुणी करत नाही, आणि या सिनेमात खरं नुकसान तिथेच होतं. जुन्या साउंडट्रॅकला बारीक खरखर असते. ती घालवायला फिल्टर लावला की खरखरीबरोबर रातकिडे, पंख्याचा घरघराट, लांबच्या रस्त्यावरची सायकलची घंटीही जाते. हेडफोन लावा आणि दोन संवादांमधली अर्धा मिनिट शांतता असलेली जागा काढा. खोलीचा स्वतःचा आवाज सलग ऐकू आला तर प्रत चांगली. संवाद संपताच सगळं एकदम मुकं होत असेल, आणि पुढचा शब्द येताना मागून खरखर उगवत असेल, तर फिल्टर जास्त लागलाय. किंचित खरखर असलेली प्रत केव्हाही बरी.

चित्राचंही तेच. फिल्मचे कण पुसून चेहरे मेणाचे केलेली ‘स्वच्छ’ प्रत पहिल्या नजरेत आवडते, दहाव्या मिनिटाला डोळे कंटाळतात. केसांकडे आणि सुती कापडाच्या विणीकडे बघा. तिथे पोत दिसतो की नुसता सपाट रंग, यावर ठरवा.

परदेशी डिस्क मागवणार असाल तर रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल, ते बघा. डीव्हीडीत भारत रीजन 5 मध्ये येतो, ब्लू-रेत रीजन सी मध्ये. अमेरिकेची ब्लू-रे ए, युरोपची बी. ‘रीजन 0’ किंवा ‘एबीसी’ लिहिलेली असेल तर चिंता नाही. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा निवडलेला कायमचा. संग्राहकाने दोन ड्राइव्ह ठेवावेत, एक आपल्या रीजनचा आणि एक परदेशी. मागवताना पार्सलवर कस्टम ड्युटी लागू शकते, ती किमतीत धरूनच हिशेब करा.

घरी आणली की आधी कॉपी

बाहेरच्या उन्हातून एसीच्या खोलीत आणलेली डिस्क तासभर डब्यातच राहू द्या. पावसाळ्यात उलटं: गार डिस्क दमट हवेत उघडली की तिच्यावर बाष्प धरतं.

डीव्हीडीची पूर्ण आयएसओ प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, घ्या, नुसती व्हिडिओ फाइल नको. मेनू, जोडलेल्या मुलाखती, सबटायटल सगळं एकत्र राहतं. मोठ्यातली मोठी एकतर्फी डीव्हीडी 8.5 जीबीची, तेव्हा 200 डीव्हीडींना 2 टीबीची हार्ड डिस्क पुरते. व्हीसीडीला आयएसओ चालत नाही. तिचे सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे, वेगळ्या बांधणीचे असतात आणि आयएसओत ते अर्धवट येतात. तिची बिन-क्यू (.bin आणि .cue अशा दोन फाइलींची) प्रतिमा घ्या, किंवा निदान ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल उतरवून घ्या. ती व्हीएलसीत थेट चालते. व्हीसीडीच्या या सेक्टरांत चुका दुरुस्त करायची सोयही कमी असते, म्हणून संग्रहात व्हीसीडी आधी उतरवा, डीव्हीडी नंतर.

डिस्क मध्येच अडली तर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून माहिती वाचवणारा मोफत प्रोग्राम वापरा. पहिल्या फेरीत ते खराब जागा सोडून चांगला भाग पटकन उचलतं, दुसऱ्या फेरीत त्याच जागांवर परत परत प्रयत्न करतं. ब्लॉकचा आकार डीव्हीडीसाठी 2048 द्या. इथे एक गोष्ट फार कामाची: प्रत्येक ड्राइव्हचं लेझर वेगळं वाचतं. एका ड्राइव्हवर अडलेली डिस्क दुसऱ्यात घाला आणि तीच नोंद-फाइल (काय वाचून झालं, काय राहिलं हे त्यात असतं) पुढे चालवा. राहिलेल्या जागांपैकी बऱ्याच भरून निघतात. ड्राइव्ह तासभर घरघरत राहिला तर थांबवा, डिस्क आणि ड्राइव्ह दोघांनाही गार होऊ द्या.

कॉपी झाल्यावर चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून वहीत किंवा तक्त्यात लिहा आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर तीच फाइल ठेवा. दोन्ही हार्ड डिस्क एकाच कपाटात नकोत, एक नातेवाइकाकडे असू द्या. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास, चेकसम पुन्हा जुळवा.

कॉपी स्वतःच्या अभ्यासापुरती, ती अपलोड करू नका. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो.

नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि पावसाळा

डिस्कसाठी जाणकार 25 अंशांखाली तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता सांगतात. मे महिन्यात 45 अंशांच्या नागपुरात हे पाळणं सोपं नाही, पण जवळ जाता येतं.

पहिला शत्रू कूलर. ओल्या खसेतून येणारी हवा गार असते खरी, पण दमट असते. कूलरच्या झोतातल्या कपाटात भर उन्हाळ्यात आर्द्रता 60-70 च्या वर जाऊ शकते आणि कव्हरच्या कागदाला बुरशी धरते. संग्रह कूलरच्या खोलीत ठेवू नका. आतली, कमी खिडक्यांची खोली निवडा, पश्चिमेची भिंत टाळा, कारण ती दुपारी तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. वरच्या मजल्याच्या घरात माळा तर अजिबातच नको. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर थोड्या पैशांत मिळतो, तो कपाटात ठेवा आणि आकडा महिनाभर लिहा. अंदाजाने काही करू नका. मृग लागायच्या आत सिलिका जेल भरा, एका कप्प्याला साधारण 100 ग्रॅम. रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत परतून घ्या आणि पूर्ण गार झाल्यावर परत ठेवा. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको. पोळ्यापर्यंत दर पंधरवड्याला हे करावं लागतं. झडीच्या दिवसांत कपाट उघडूच नका, बघायचे चित्रपट आधीच काढून ठेवा.

डिस्क पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. मऊ प्लास्टिकची पाकिटं उष्णतेने डिस्कला चिकटतात आणि त्यांचे डाग उठतात, म्हणून कडक डबाच बरा. नवतप्यात उभ्या गाडीत डिस्क पंधरा मिनिटंही विसरू नका.

व्हीएचएस कॅसेट असतील तर खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का बघा. दिसली तर ती बुरशी. व्हीसीआरमध्ये घातली तर हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून जाणत्या माणसाकडून साफ करवून घ्या. चांगल्या कॅसेट एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.

नोंद आणि बघणं

प्रत्येक प्रतीची नोंद एकाच ओळीत बसते: वर्ष, नाव, दिग्दर्शक, डिस्कचा प्रकार, लेबल, दाखल्यावरची लांबी, प्रत्यक्ष लांबी, फ्रेम रेट, चौकट, सबटायटल, दोष. ‘दोष’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘47व्या मिनिटाला उडी, साधारण 4 सेकंद’ असं नेमकं लिहिलं की दुसरी प्रत समोर आल्यावर थेट तीच जागा तपासता येते. नवी, दुरुस्त केलेली आवृत्ती निघाली तरी जुनी डिस्क काढून टाकू नका. कन्नड दिग्दर्शक गिरीश कासारवल्लींच्या ‘घटश्राद्ध’ची (1977) पुनर्संचयित प्रत 2024 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. अशी आवृत्ती हाती येईल तेव्हा जुन्या प्रतीशी चौकट, आवाज, लांबी ताडून बघण्यातच संग्राहकाचं खरं काम आहे.

बघण्यापूर्वी टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, आणि चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘मूळ आकार’ करा, नाहीतर टीव्ही कडा कापतो आणि चौकटीसाठी केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात हे चित्रपट लावूच नका. दबक्या आवाजातला संवाद ऐकायला आवाज वाढवावा लागतो, आणि मग दार आपटलं की दचकायला होतं. एसी नसेल तर बंद हेडफोन घ्या. सर्वांत चांगले दिवस दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंतचे: पंखासुद्धा बंद असतो, रात्री दहानंतर गल्ली शांत होते आणि पडद्यावरच्या खोलीतला रहाट आपल्या खोलीत ऐकू येतो.